खैरढवात राहिलेल्या दोघी

हिमायतनगरहून पैनगंगेकडं निघालं की नदीच्या थोडं अलीकडं खैरढव लागतं. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य आणि पलीकडं वऱ्हाड, हे खैरढवच्या लोकांना ठाऊक होतं, पण त्याचा त्यांना कधी त्रास झाला नव्हता. ज्वारी दोन्हीकडं पिकायची आणि सोयरिकी दोन्हीकडं व्हायच्या. सत्तेचाळीस साली पलीकडून इंग्रज गेला, अलीकडं निजाम राहिला, आणि त्या नदीला एकदम महत्त्व आलं.

पुढच्या उन्हाळ्यात रझाकारांनी शेजारचं एक गाव जाळलं. खैरढवच्या भगवानराव पाटलाच्या पेवातली ज्वारीही ते घेऊन गेले. पाटलानं चार कर्ती माणसं बोलावली आणि ठरवलं, की पाऊस पडायच्या आत नदी ओलांडून उमरखेडच्या छावणीत जायचं. मारुतीच्या देवळाभोवतीची सगळी घरं निघाली. वाणगल्लीतल्या ईश्वरप्पानं दुकानाच्या फळ्यासुद्धा गाडीत घातल्या.

सगुणाबाई निघाली नाही. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं, गावाच्या कडेला घर आणि घरामागं थोडं वावर होतं. पाटील स्वतः तिच्या दारात आला.

"सगळे जाऊन राहिले, तूच कशाला मागं राहतीस?"

"म्हैस गाभण हाय. गाभण म्हैस नदीतून न्हाई न्यायची."

"म्हशीला पाणी आवडतं, सगुणा."

"तिला आवडतं. मला न्हाई आवडत."

पाटलाला पुढं बोलायला वेळ नव्हता. दुपारपर्यंत गाड्या नदीपार झाल्या.

आता गावात मुसलमानांची गल्ली उरली आणि सगुणाबाई. गल्लीत पिंजारी होते, तांबोळी होते, एक अत्तार होता, बांगड्या भरणारा मणियार होता. तांबोळ्याचा थोरला खाकी घालून रझाकारांत गेला होता. तोवर त्याच्यावर कुणी पानाच्या टोपलीपलीकडं काही सोपवलं नव्हतं, त्यामुळं बंदूक त्याला फार आवडली. बाकीचे आपापलं काम करत होते, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. पिंजाऱ्यानं कापूस पिंजायचा कुणाचा, आणि मणियारानं बांगड्या भरायच्या कुणाला? मणियार एकदा सगुणाबाईच्या दारात येऊन उभा राहिला आणि तिच्या मोकळ्या हातांकडं बघून परत गेला.

सगुणाबाईच्या भिंतीला भिंत लागून चाँदबी पिंजारणीचं घर होतं. चाँदबीही विधवा. मादार नावाचा मुलगा, सून आणि नातवंडं असा तिचा संसार. तिचे गुडघे धरलेले होते, त्यामुळं ती दिवसभर दारात बसून राहायची आणि तोंडानं सगळ्या गल्लीचा कारभार बघायची. सगुणाबाईचं आणि तिचं बोलणं बंद होतं. चाँदबीच्या शेळीनं सगुणाबाईचा दोडक्याचा वेल खाल्ला होता. सगुणाबाई म्हणाली शेळी बांधून ठेव, चाँदबी म्हणाली वेल बांधून ठेव. त्याला बरीच वर्षं झाली होती. तो वेल गेला, शेळीही गेली, बोलणं काही सुरू झालं नाही.

भादव्यात लढाई झाली. खैरढवात ती आली नाही. दूर सडकेच्या बाजूनं गाडीतून धोंडे ओतावेत तसा आवाज दोन दिवस येत राहिला, एकदा वरून विमान गेलं, आणि मग हदगावकडून आलेल्या एकानं सांगितलं, की निजामाच्या फौजेनं हत्यारं टाकली. अत्तारानं विचारलं, म्हणजे आता काय? त्या माणसाला ते माहीत नव्हतं.

ते दोन दिवसांनी कळलं. शेजारच्या एका गावात बाहेरची माणसं कुऱ्हाडी घेऊन शिरली. तिथल्या मुसलमान गल्लीत पुरुष म्हणून कुणी राहिला नाही, आणि बायकांपैकी ज्या सापडल्या नाहीत त्या विहिरीत सापडल्या. त्या विहिरीचं पाणी पुढं कुणी प्यालं नाही. गावानं दुसरी खोदली.

खैरढवची गल्ली भर दुपारी निघाली. नांदेडला जायचं, तिथं आपली माणसं जास्त आहेत, एवढंच ठरलं होतं. तांबोळ्याचा थोरला आधीच कुठं गेला ते त्याच्या बापालाही ठाऊक नव्हतं. चाँदबीला गाडीत चढवायला मादार आणि सून आले तर तिनं दाराची चौकट धरली.

"मला चढता येत न्हाई, चढले तर उतरता येत न्हाई. तुम्ही आठ दिवसांत येणार म्हनता ना? मग मी कशाला हाडं हलवू?"

मादारनं फार विनवलं. पुढच्या गाड्या वळणाआड चालल्या होत्या. शेवटी तो भिंतीपाशी आला आणि पलीकडं शेण गोळा करणाऱ्या सगुणाबाईला म्हणाला, "मावशी, माझ्या अम्माकडं बघा."

"आमचं बोलणं न्हाई."

"बोलू नका. नुसतं बघा."

सगुणाबाईनं शेणाची पाटी उचलली. मादार गेला.

त्या दिवशी खैरढवची वस्ती दोन झाली, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

सगुणाबाई सकाळी भाकरी करायची आणि फडक्यात गुंडाळून भिंतीवर ठेवायची. चाँदबी काठी टेकत यायची, भाकरी घ्यायची, आणि संध्याकाळी फडकं धुऊन, घडी करून परत ठेवायची. कधी त्यात अंबाडीची चटणी असायची. सगुणाबाईला ती चटणी आवडली, पण सांगायची सोय नव्हती. मारुतीच्या देवळात ती दिवा लावायची. पिराच्या थडग्यापाशी अंधार राहायचा. दोन संध्याकाळी तिनं तो पाहिला आणि तिसऱ्या संध्याकाळी तिथंही एक पणती ठेवून आली. तेल चाँदबीच्या घरातलं घ्यावं असं तिच्या मनात आलं होतं, पण त्यासाठी मागावं लागलं असतं.

मग म्हैस अडली. सकाळपासून कळा येत होत्या. रेडकाचा एकच पाय बाहेर आला आणि दुसरा आत मुडपून राहिला. सगुणाबाईनं हात घातला, पण म्हैस फिरायची. धरायला माणूस नव्हतं. तिनं सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि गावात कुणाला हाक मारावी हे तिला सुचेना.

"अगे!" ती शेवटी भिंतीकडं तोंड करून ओरडली. "ए चाँदबी!"

चाँदबी आली. उभं राहून यायला वेळ लागला असता म्हणून अंगणातून बसत बसत आली. म्हशीच्या तोंडाशी बसून तिनं दावं आपल्या कमरेभोवती गुंडाळलं आणि सगळं अंग मागं टाकलं.

"आता घाल हात. आधी आत लोट, मग पाय सरळ कर. आत लोट म्हनते ना!"

"मला शिकवू नको."

"मग कवा शिकशील? मेल्यावर?"

दोघी दुपारपर्यंत एकमेकींना शिव्या देत होत्या आणि त्यात रेडकू बाहेर आलं. वगार होती. अंगावर नाळ आणि चिखल घेऊन ती थरथरत उभी राहिली आणि पडली, परत उभी राहिली. चाँदबी भिंतीला टेकून रडायला लागली.

"आता काय झालं?" सगुणाबाईनं विचारलं.

"आठ दिवस होऊन गेले," चाँदबी म्हणाली.

तिनं चिकाचा खरवस केला आणि चाँदबीला आपल्याच पडवीत वाढला. तेव्हापासून चाँदबी तिथंच झोपायला लागली. दर वेळी इकडून तिकडं जायचं म्हणजे गुडघ्यांना त्रास, असं दोघींचंही मत पडलं.

बाहेरची माणसं खैरढवातही आली. सकाळची वेळ होती. कुणी ओळखीचा नव्हता. त्यांच्या हातात काठ्या होत्या, दोघांजवळ कुऱ्हाडी.

"गावात कोण हाय?" म्होरक्यानं विचारलं.

"मी हाय. म्हैस हाय."

"ही कोण?"

चाँदबी वगारीचं तोंड मांडीवर घेऊन बसली होती. दोघी विधवा होत्या, दोघींच्या कपाळावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं, आणि दोघींची लुगडी सारखीच फाटली होती.

"माझी जाऊ," सगुणाबाई म्हणाली. "बहिरी हाय."

जिचा आवाज तीन गल्ल्या ऐकायच्या, ती चाँदबी त्या वेळी तोंड मिटून राहिली. म्होरक्यानं तिच्याकडं थोडा वेळ बघितलं आणि पाणी मागितलं. सगुणाबाईनं तांब्या दिला. पाणी पिऊन ते मुसलमानांच्या गल्लीत शिरले. त्यांनी दारं काढली, चौकटी काढल्या, भांडी नेली. मादारची कापूस पिंजायची धनुकली एकानं खांद्यावर टाकली. ती कशाची आहे हे त्याला ठाऊक नसावं, कारण तो तिची तार सारखी छेडत होता. टंग, टंग असा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग लांब गेला.

"माझ्या नवऱ्याची व्हती ती," चाँदबी म्हणाली.

"गप. बहिरी हायस तू."

दसऱ्यानंतर छावणीतली माणसं परतली. गेली तेवढी आली नाहीत. छावणीत पटकी झाली होती आणि तिनं म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना निवडून उचललं होतं. ईश्वरप्पानं उमरखेडला दुकान थाटलं होतं, ते चांगलं चालत होतं, तो आलाच नाही. काही तरण्या पोरांना तिकडं कापसाच्या जिनात काम लागलं, ते तिकडंच राहिले. जवान पोरी छावणीत सांभाळायच्या कशा, म्हणून त्यांची घाईनं लग्नं लावून दिली होती, त्या वऱ्हाडातच नांदत होत्या. उलट कुणाकुणाच्या घरात वऱ्हाडी सुना आल्या होत्या, त्यांचं बोलणं ऐकून सासवा तोंड फिरवून हसत.

नव्या सरकारचा एक कारकून चौकशीला आला. लढाईच्या वेळी गावात कोण होतं, असं त्यानं पाटलाला विचारलं. पाटलानं सगुणाबाईला बोलावणं पाठवलं.

"बाई, तुम्ही तेव्हा इथंच होता?"

"हाव."

"काय घडलं ते सांगा."

"म्हैस व्याली."

"मी लढाईचं विचारतोय."

"त्याच वक्ताला व्याली. पाय अडकला व्हता."

कारकुनानं पाटलाकडं बघितलं. "गावात फौज आली होती का?"

"न्हाई. आली असती तर बरं झालं असतं. म्हैस धराया माणूस न्हवतं."

कारकून पुढच्या गावाला गेला.

भगवानराव पाटलाचा गोठा चाँदबीच्या घराच्या मागल्या बाजूला होता. परतल्यावर पेरलेल्या ज्वारीची कणसं भरायला लागली तसं त्याच्या मनात आलं, की नवा कडबा त्या रिकाम्या घरात चांगला राहील. तो सगुणाबाईच्या पडवीत येऊन बसला.

"ते घर बेवारस पडलंय," तो म्हणाला.

"मालकीण ही काय बसलीय," सगुणाबाई म्हणाली.

"ती तुझ्या घरात राहती. त्या घरात कोन राहतं?"

चाँदबी म्हणाली, "पाटील, तुमची गादी मी भरलेली हाय. तुमच्या लग्नाची. इसरलात?"

पाटील विसरला नव्हता. तो उठून गेला आणि कडबा गोठ्यातच रचायचं त्यानं ठरवलं. पण बाकीची घरं रिकामीच होती. धर्माबादच्या पलीकडून, तेलंगणातल्या मारामाऱ्यांना कंटाळून विणकरांची काही कुटुंबं आली होती, त्यांना पाटलानं त्या गल्लीत जागा दिली. त्यांचा पुढारी वीरण्णा. त्याला मराठीत 'हाव', 'न्हाई' आणि 'पाणी' एवढं येत होतं. तांबोळ्याच्या घरात माग बसला, मणियाराच्या घरात दुसरा. गल्लीत पुन्हा सकाळपासून खटखट सुरू झाली. फक्त आवाज वेगळा होता, आणि बाया भांडायला लागल्या की कुणाला काही कळत नसे.

माघात, ऐन ज्वारीच्या काढणीत चाँदबी वारली. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेली. काढणी अर्ध्यावर टाकून मरणं सगुणाबाईला पटलं नाही. ती तिच्या उशाशी बसून बराच वेळ तिला तेच सांगत होती. मग तिनं डोळे पुसले आणि पाटलाकडं गेली.

"गावात तिचं कुनी न्हाई," पाटील म्हणाला. "दफन करायचं ते कोनी? कसं? आपन नदीवर नेऊ, आपल्या रीतीनं करू. पुण्यच लागंल."

"ती म्हनली व्हती, मातीत ठेव."

"आगं पन त्यांचं काय म्हनतात ते, येतं कुनाला?"

सगुणाबाई गावातल्या हणमंत नावाच्या सालगड्याला खड्डा खणायला सांगून हिमायतनगरला चालत गेली. तिथल्या मशिदीत बुढनसाब नावाचे एक म्हातारे काझी उरले होते. त्यांची दोन मुलं भादव्यात मारली गेली होती. ते ओट्यावर बसून होते आणि कुणी अनोळखी आलं की दार लावून घेत होते. सगुणाबाई दाराबाहेरूनच बोलली.

"तुमच्या गावात आमची घरं किती उरली?" बुढनसाबांनी आतून विचारलं.

"एकच. तेच उचलायचंय."

"तिथं मला कुणी काही केलं तर?"

"मी पुढं चालते. आधी मला करतील."

बुढनसाबांनी दार उघडलं. वाटेनं ते मधून मधून मागं वळून बघत.

चाँदबीला न्हाऊ घालायला बाईमाणूस हवं होतं. सगुणाबाईनंच घातलं. बुढनसाब दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि एकेक सांगत गेले. आधी हात धुवा, मग तोंड, उजवी बाजू आधी. सगुणाबाई आतून म्हणायची, झालं, पुढं सांगा. गुडघे धुताना तिनं फार वेळ लावला. बुढनसाब वाट बघत राहिले. कफनाचं कापड कुठून आणायचं हा प्रश्न तोवर सुटला होता. वीरण्णानं मागावरून पांढरं कापड काढून आणलं होतं आणि कुणाच्या हातात द्यावं हे न कळून तो अंगणात उभा होता.

खांदे चार लागतात. वीरण्णा आणि त्याचे दोन भाऊ असे तीन मिळाले. चाँदबी त्यांच्या घरांकडं बघून रोज काहीतरी बोलायची, ते त्यांना एक अक्षर समजलं नव्हतं. हणमंत खड्ड्यात होता. चौथा खांदा मिळेना. तेवढ्यात भगवानराव पाटील डोक्याचा रुमाल सारखा करत आला आणि पुढच्या बाजूला लागला.

नमाज बुढनसाबांनी एकट्यानं पढला. मागं सगळे हात जोडून उभे राहिले. कधी वाकायचं असतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या नमाजात वाकायचं नसतंच, असं बुढनसाबांनी नंतर सांगितलं. माती लोटून झाल्यावर ते मटकन खाली बसले आणि म्हणाले, "माझ्या पोरांना एवढी माणसं नव्हती." मग सगुणाबाई त्यांना शिवेपर्यंत पोचवून आली.

होळीच्या सुमाराला मादार परत आला. त्याच्याबरोबर बायकामुलं होती. नांदेडमध्ये त्यांचे फार हाल झाले होते, धाकटं पोर तिथंच गेलं होतं. सगुणाबाईनं त्याला अंगणातच सांगितलं. तो खाली बसला.

"आठ दिवस म्हनलो व्हतो मी," तो म्हणाला.

"तिनं वाट बघितली."

"काही बोलली का माझ्याबद्दल?"

"लई. सगळंच चांगलं न्हवतं."

मादार हसला आणि हसताहसता त्याला रडू आलं. चाँदबी गेल्यावर पाटलानं त्या घरात कडबा भरला होताच. मादार आल्याचं कळताच त्यानं गडी पाठवून तो मुकाट्यानं काढून घेतला. मादारनं घर झाडलं, दाराला तात्पुरता बांबूचा तट्ट्या लावला, नवी धनुकली केली. लोक कापूस घेऊन आले. पण तो तिथं रमला नाही. एका संध्याकाळी तो सगुणाबाईच्या पडवीत आला.

"मावशी, इथं कुनी वाईट वागत न्हाई. पन जुम्म्याला मी एकटाच असतो. पोरगी मोठी होतीय, ती कुनाला द्यायची? रात्री पान हाललं तरी बायको उठून बसती. नांदेडला एका गल्लीत शंभर घरं हाईत आमची. लोक खोकतात, भांडतात, आवाज येत राहतो. झोप लागती."

सगुणाबाईला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ती रागावल्यासारखी बोलायची. "मग जा की," ती म्हणाली. "झोप लागत आसंल तिथं ऱ्हावं."

मादारनं घर वीरण्णाच्या भावाला दिलं आणि पाऊस लागायच्या आत तो गेला. जाताना आईच्या मातीपाशी एक निंबाचं रोप लावून गेला. शेळ्यांनी ते खाल्लं. हणमंतानं दुसरं लावून काट्याचं कुंपण केलं.

त्या वर्षीच्या थंडीत गावातल्या गाद्या बसल्या होत्या आणि पिंजून द्यायला कुणी नव्हतं. सगुणाबाईनं जुना कापूस गाठोड्यात बांधला आणि हणमंताबरोबर नांदेडला गेली. विचारत विचारत मादारचं दुकान सापडलं. त्यानं तिला आत बसवलं, चहा पाजला, आणि कापूस पिंजता पिंजता गावाची चौकशी करायला लागला.

"ईश्वरप्पा बरा हाय ना?"

"तो उमरखेडला असतो आता."

"आन् त्याच्या शेजारची म्हातारी?"

"छावणीत पटकीनं गेली."

"अत्तार आला का परत?"

"न्हाई. हैदराबादेत हाय म्हनतात."

"वाणगल्लीतली ती उंच पोरगी, विमल, तिचं लगीन झालं?"

"वऱ्हाडात दिली. पोरगं झालं तिला."

मादारनं हात थांबवला. त्याच्या दाढीवर कापूस बसला होता. त्याला आणखी कुणाचं तरी विचारायचं होतं, पण नाव आठवलं की तो माणूस कुठं असेल याचा अंदाज त्याचा त्यालाच येत होता.

"मग मावशी, गावात हाय तरी कोन?"

सगुणाबाईनं विचार केला. विणकरांची पोरं आता मराठीत शिव्या देत होती. वऱ्हाडी सुनांना पोरं झाली होती. धर्माबादकडून आणखी दोन घरं येणार होती, आणि पाटील त्यांना जागा कुठं द्यावी या काळजीत होता.

"लई हायत," ती म्हणाली. "गाव भरल्यालं हाय."

मादारनं मान डोलावली आणि पुन्हा तार छेडली.